सिंगल फेजची गाणी

इंदापूरच्या स्टँडसमोर आता चष्म्यांचं दुकान आहे. काचेच्या कपाटांत ओळीने फ्रेमा मांडलेल्या, आत गारवा, आणि कसलाच वास नाही. बारावीच्या प्रात्यक्षिकांसाठी बाहेरची परीक्षक म्हणून मी बारामतीहून आले होते. सकाळची तुकडी संपली होती, दुपारची सुरू व्हायला अवकाश होता. पाय मोकळे करायला बाहेर पडले आणि या दुकानात शिरले. दुकानदाराने काय दाखवू म्हणून विचारलं. मी उगीच एक फ्रेम डोळ्यांवर लावून पाहिली. आरशात मागचा रस्ता दिसत होता, उसाच्या दोन ट्रॉल्या ओढत एक ट्रॅक्टर सावकाश वळत होता. मी जिथे उभी होते, साधारण तिथेच बबनभाऊंचं टेबल असायचं.

पंधरा-सोळा वर्षांपूर्वी या जागी मोबाईल दुरुस्तीचं जेमतेम सहा फुटी दुकान होतं. सोल्डरिंगचा कडवट धूर, थिनरचा डोक्यात जाणारा वास, तसबिरीपुढची उदबत्ती आणि शेजारच्या गाड्यावरच्या भज्यांचं तेल, हे सगळं त्या सहा फुटांत मावायचं. बबनभाऊ फोन उघडून बसलेले असत आणि डाव्या हाताला एक कुरकुरणारा कॉम्प्युटर असे. लोक नखाएवढं मेमरी कार्ड त्यांच्यापुढे ठेवत आणि म्हणत, भरा. काय भरायचं ते सांगायला तीन शब्द पुरत: देवाची, लग्नाची, नाहीतर नवीन. पंधरा मिनिटांत दोनशे गाणी घेऊन माणूस आपल्या गावच्या गाडीत बसे.

मी तेव्हा इंदापूरहून बारामतीला कॉलेजसाठी अप-डाऊन करत होते. वडील पाटबंधारे खात्यात, आम्ही सरकारी क्वार्टरमध्ये राहायचो. घरात तिघंच, आणि तिघंही कमी बोलणारी. संध्याकाळी भांड्यांचा आवाज आणि बातम्या, एवढाच काय तो घरातला बोलका वेळ. कॉलेजमध्ये जे बारामतीतच राहायचे त्यांची टोळकी शेवटच्या तासानंतर जमायची. मला साडेचारची गाडी गाठायची असे. त्यांच्या हसण्याचा शेवट मी कधी ऐकला नाही.

एका दुपारी फोनची चार्जिंगची पिन दुरुस्त करून घ्यायला मी बबनभाऊंकडे बसले होते. कॉम्प्युटरवर ते कुणाच्या तरी कार्डातली गाणी तपासत होते. एक गाणं लागलं. आधी नुसती खरखर, मग पत्र्यावर खडे पडावेत तशी गिटार, मग एक माणूस, घसा ताणून, आमच्या बसमधली माणसं बोलतात त्याच बोलीत गात होता. डीपीवर पाखरू बसलं, गावाची लाईट गेली, पाखरू उडून गेलं, लाईट काही आली न्हाय. एवढंच. विजेच्या ट्रान्सफॉर्मरवरचं एक पाखरू. त्यात प्रेम नव्हतं, देव नव्हता, नाचायची सोयही नव्हती. गाणं संपता संपता खटका पडल्याचा आवाज आला, कुठेतरी पाण्याची मोटार सुरू झाली, आणि रेकॉर्डिंग मधेच तुटलं.

मी बबनभाऊंना ते परत लावायला सांगितलं. तिसऱ्यांदा सांगितलं तेव्हा त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. गाणं कुणाचं, ते त्यांना ठाऊक नव्हतं. फाईलीला नाव नव्हतं, नुसता आकडा. कार्ड शेळगावच्या एका ढोबळी मिरचीवाल्याचं, पिकअप घेऊन येतो आणि कार्ड भरून नेतो, एवढंच ते सांगू शकले.

त्या आठवड्यात ते गाणं फोनमध्ये भरून घेऊन मी इतक्या वेळा ऐकलं की बसच्या खिडकीचा थरथराट त्यातलाच वाटायला लागला. शेळगाव माझ्या रोजच्या रस्त्यावरच होतं. रोज दोनदा ते गाव खिडकीतून मागे जायचं. शुक्रवारी परत येताना मी फाट्यावर उतरले. कंडक्टरने विचारलं, इथे कुणाकडे? मी म्हटलं, ढोबळीवाल्याकडे.

ढोबळीवाले तीन निघाले. तिसऱ्याचं पॉलीहाऊस ओढ्याच्या पलीकडे होतं. आत शिरले तर ओल्या कोकोपीटचा आणि मिरचीच्या पानांचा उग्र हिरवा वास अंगावर आला. सुतळीवर चढवलेल्या रोपांच्या रांगेतून एक सडपातळ माणूस बाहेर आला. माझा चष्मा आणि खांद्यावरची पर्स बघून त्याने मला कृषी खात्यातली समजून अनुदानाची फाईल आणायला घराकडे धाव घेतली. तो फाईल घेऊन आल्यावर मी सांगितलं की मी डीपीवरच्या पाखराच्या गाण्यासाठी आलेय. त्याने फाईल छातीशी धरली. मग म्हणाला, "ते तुमच्यापत्तूर कसं आलं?"

तो दत्ता. माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठा. दोन वर्षं चाकणला एका कंपनीत होता. खोलीतला मणिपूरचा जोडीदार गिटार वाजवायचा, त्याच्याकडून हा शिकला, आणि परत आला तेव्हा जुनी गिटार, आवाज फाडून टाकणारा एक छोटा ॲम्प्लिफायर आणि रॉक हा शब्द बरोबर घेऊन आला. त्याचा मामेभाऊ सोन्या लग्नांच्या बँजो पार्टीत ऑक्टोपॅड वाजवायचा. दोघं मिळून पॅकिंगच्या शेडमध्ये गाणी करायचे. थ्री फेज लाईट आली की मोटारी चालू, मिरचीला पाणी, बोलायलाही फुरसत नाही. ती गेली आणि घरगुती सिंगल फेज उरली की शेतं गप्प होत, आणि मग गाणं. म्हणून त्यांनी स्वतःला सिंगल फेज म्हणायला सुरुवात केली होती. कुणी विचारलं नव्हतं, तरी नाव ठेवलं होतं.

पुढची दोन वर्षं माझ्या आठवणीत महिन्यांनी मांडलेली नाहीत, वासांनी मांडलेली आहेत. हिवाळ्यात शेडमध्ये नव्या पुठ्ठ्यांचा वास, गिटारवर बोटं गारठलेली, दत्ताच्या आईने आणलेला गुळाचा चहा. उन्हाळ्यात पत्रा तडतडायचा आणि त्या आवाजामुळे गाणी अंगणात, चिंचेखाली व्हायची. त्या गाण्यांत कोकिळा आहेत, एकात शेजारच्या म्हशीने बरोबर जागेवर हंबरून घेतलंय. उसाच्या हंगामात कारखान्याकडून येणारा मळीचा आंबूस वास. दर शुक्रवारी मी क्रेट पालथं घालून त्यावर बसायची. मला गाता येत नव्हतं, वाजवता येत नव्हतं. दत्ता दोन ओळी म्हणून थांबायचा आणि माझ्याकडे बघायचा. मी मान हलवली की पुढे, नाही हलवली की परत पहिल्यापासून. एवढंच माझं काम, पण त्यासाठी कुणीतरी थांबतं आहे ही गोष्ट मला नवी होती.

दुसरं काम मीच अंगावर घेतलं. गाणी गावोगाव फिरत होती, पण नावाशिवाय. मी बबनभाऊंच्या कॉम्प्युटरवर बसून प्रत्येक फाईलीला गाण्याचं नाव दिलं आणि पुढे सिंगल फेज, शेळगाव असं लिहिलं. दत्ता मला मॅडम म्हणायला लागला तो तेव्हापासून. बबनभाऊंनी माझ्या आग्रहाखातर नवा नियम केला: कार्ड कुणाचंही असो, देवाच्या गाण्यांचं असलं तरी, त्यात एक गाणं सिंगल फेजचं जाणारच. लोक परत येऊन तक्रार करायचे की भजनानंतर हे काय ओरडणं लागतं. काहीजण मात्र तसलंच अजून आहे का, असं हळूच विचारायचे. बबनभाऊ मला त्या लोकांची गावं सांगत. निमगावच्या पानमळ्यातला एक माणूस, सुप्याकडचा एक मेंढरंवाला, कन्हेरीतली एक नर्सबाई. या माणसांना मी कधी पाहिलं नाही. रात्री अंथरुणात पडल्यावर मी त्यांची मोजदाद करायची. माझ्या ओळखीच्या माणसांपेक्षा ती संख्या मोठी झाली होती.

एकदा बारामतीत कॅनॉलच्या पुलावर मी उभी होते. उसाचा ट्रॅक्टर आला, आणि त्याच्या डेकवर पाखराचं गाणं लागलेलं. ड्रायव्हर स्टिअरिंगवर बोटं वाजवत होता. पुलाचे कठडे हलत होते, खाली पाणी सावकाश चाललं होतं. ट्रॅक्टर दिसेनासा होईपर्यंत मी त्याच्यामागे बघत राहिले. हे सांगायला वर्गात कुणी नव्हतं. संध्याकाळी मी शेळगावला उतरून दत्ताला सांगितलं. त्या दिवशी त्याने तोवर झालेली चारही गाणी ओळीने, कुठेही न थांबता म्हटली.

शेडच्या मागे शेततळं होतं. काळ्या प्लास्टिकच्या कागदाच्या अस्तरावर पाणी निळं दिसायचं. भोवती नवं तारेचं कुंपण आणि चारी बाजूंनी पाण्यात सोडलेले जाड दोर, त्यांना ठिकठिकाणी गाठी मारलेल्या. मी एकदा सोन्याला विचारलं की हे दोर कशाला. तो पॅड पुसत राहिला आणि मग हळू आवाजात म्हणाला की दत्ताची धाकटी बहीण, सुली, मी यायच्या आदल्या वर्षी त्यात गेली. बादली धरायला वाकली, कागदावरून पाय घसरला. ओल्या कागदावर पायाला थारा नसतो, पोहता येणारं माणूससुद्धा वर चढू शकत नाही. दोर त्यानंतर सोडले.

दत्ता तिच्याबद्दल कधी बोलला नाही. मीही विचारलं नाही.

दुसऱ्या वर्षीच्या दिवाळीनंतर एका संध्याकाळी त्याने माझ्या हातात एक कार्ड दिलं. सोन्याला माहीत नव्हतं. त्यात एकच गाणं होतं, गिटार आणि आवाज, बाकी काही नाही. तो म्हणाला, "हे तुमच्यापुरतं. बबनभाऊला न्हाय."

मी ते बसमध्ये ऐकलं. काळ्या कागदावर निळं पाणी, वर ये गं, वर ये. हाताला हात पुरंना, वर ये गं, वर ये. सबंध गाणं याच शब्दांवर परत परत येत होतं, दर वेळी आवाज थोडा अधिक बारीक. निमगाव कधी गेलं, इंदापूर कधी आलं, मला कळलं नाही. कंडक्टरने हाक मारून उतरवलं.

ते गाणं मी महिनाभर एकटीने ऐकलं. घरी आईसमोर बसून जेवताना ते डोक्यात चालू असे. आई म्हणे, लक्ष कुठाय. असं काही आपल्याजवळ आहे आणि जगात दुसऱ्या कुणालाही ते माहीत नाही, हे मला झेपेना. निदान एका माणसाने ते ऐकावं आणि माझ्याकडे बघावं, असं वाटायचं. एका सोमवारी मी बबनभाऊंपुढे कार्ड ठेवलं. म्हटलं, फक्त ऐका, ठेवू नका. ते ऐकत असताना माझी गाडी लागली. कार्ड तिथेच ठेवून मी पळाले आणि संध्याकाळी परत घेतलं. बबनभाऊ म्हणाले, पोरी, हे रडवतं गं. बस, एवढंच. मला फार बरं वाटलं होतं, हे मी लपवणार नाही. पुढे ते गाणं त्या दुकानातून कसं बाहेर पडलं, कुणी कुणाला दिलं, हे मी कधी विचारलं नाही. बाहेर नेलं होतं मीच.

वैशाखात बबनभाऊंच्या भावाचं लग्न होतं. वरात स्टँडपासून निघाली. उन्हं उतरली होती, रस्त्यावर पाणी मारलं होतं आणि ओल्या धुळीचा, अत्तराचा, घामाचा मिळून एक वास होता. बँजो पार्टी बाहेरगावची होती. चार-पाच गाणी झाली आणि मग त्यांनी जे धरलं ते ओळखायला मला एक क्षण लागला. चाल दुप्पट वेगाची केली होती, खाली ढोल होता. माईकवरचा माणूस ओरडत होता, वर ये, वर ये, आणि पोरं हात वर करून उड्या मारत होती. प्रत्येक ‘वर ये’ला शंभर हात वर जात होते.

गर्दीच्या पलीकडे दत्ता उभा होता. नवा पांढरा शर्ट, डोक्याला फेटा. त्याने मला पाहिलं. तो रागावलेला दिसत नव्हता, चेहऱ्यावर काहीच दिसत नव्हतं. मी वळले आणि चालत सुटले. क्वार्टरच्या जिन्यापर्यंत तो ढोल ऐकू येत होता.

त्यानंतर मी शेळगावला उतरले नाही. बस फाट्यावर थांबली की मी दुसऱ्या बाजूच्या खिडकीकडे बघायची. कॉलेजचं शेवटचं वर्ष संपलं, वडिलांची बदली झाली, क्वार्टर सोडलं. पुढे बारामतीतच नोकरी लागली. आई गेली, मग वडील गेले. त्या जुन्या कार्डातलं काही आता कुठल्याच यंत्रावर उघडत नाही. बबनभाऊ दुकान विकून मुलीकडे गेल्याचं कुणीतरी सांगितलं होतं. अधूनमधून एखाद्या वरातीत ते गाणं अजून वाजतं. शब्द बदललेत, वर ये तेवढं राहिलंय. कुणाचं म्हणून विचारलं तर लोक म्हणतात, जुनं हाय, पारंपरिक.

चष्म्याच्या दुकानातून मी काही न घेता निघाले. दुपारची तुकडी झाली, गुणांची पाकिटं लाखेने बंद केली, आणि बारामतीच्या गाडीत बसले. तिकीट शेळगावचं मागितलं. ते ठरवून झालं नाही, तोंडातून तसंच आलं.

ओढ्यावर आता पूल आहे. पॉलीहाऊस नाही, तिथे पेरूची बाग आहे, फळांना प्लास्टिकच्या पिशव्या घातलेल्या, वाऱ्यावर सगळी बाग सळसळत होती. दत्ता ठिबकच्या फिल्टरपाशी बसून जाळी धूत होता. केस विरळ झालेत, पोट सुटलंय. त्याने मान वर केली आणि लगेच ओळखलं. हात पुसत उठला. बायकोला हाक मारून चहा टाकायला सांगितलं, मला खुर्ची दिली, मी काय करते ते विचारलं. शिकवते म्हटल्यावर हसला, म्हणाला आता खऱ्याच मॅडम झाल्या. सोन्या पुण्यात टेम्पो चालवतो. आई आहे, पण तिला दिसत नाही.

शब्द मी बसमध्ये जुळवून ठेवले होते, त्यातला एकही उपयोगाला आला नाही. मी म्हटलं, ते गाणं मी बबनभाऊंना दिलं होतं. तुम्ही नको म्हणाला होतात.

"म्हाईत हाय," तो म्हणाला. "दुसरं कुणाजवळ नव्हतंच."

चहा आला. त्याची बायको थोडा वेळ दारात थांबून आत गेली. दत्ता बशीत चहा ओतून तो निवायची वाट बघत बसला.

"त्या वरातीत मी बी नाचलो," तो म्हणाला. "तुमी गेल्यावर. पोरांनी वढलं मधी. आधी वाटलं, माईक उपटून टाकावा. मंग पाय हालायलाच लागलं. सुलीला लय नाद नाचायचा. शंभर जण तिला वर ये म्हणत हुते. मी एकटा किती दिस म्हणणार हुतो?"

सिंगल फेजचं नवं गाणं पुढे कधी कानावर आलं नव्हतं. मी विचारलं, मग गाणी का थांबवली?

त्याने माझ्याकडे पाहिलं, अगदी साधेपणाने, जसं एखादा हिशेब चुकलेला दाखवावा तसं. "तुमी यायच्या बंद झाल्या. मला वाटलं तुमाला आवडंनाशी झाली. सोन्या म्हणायचा, येतील. दोन वर्सं शुक्रवारची गाडी बघायचो. मंग कुणापुढं म्हणायचं?"

पेरूच्या पिशव्या सळसळत होत्या. दूर कुठेतरी कोणी म्हशींना हाकत होतं. त्या पंधरा वर्षांत मी त्याच्या रागाची इतकी रूपं मनात रंगवली होती, रोज एक, आणि त्यातलं एकही खरं नव्हतं. खरं होतं ते एवढंच की फाट्यावर एक माणूस उभा असायचा आणि बसमध्ये एक मुलगी दुसऱ्या खिडकीकडे बघत असायची.

निघताना तो मला गाडीत बसवून द्यायला फाट्यापर्यंत आला. उन्हं कलली होती. आम्ही तिथल्या एका चिंचेच्या सावलीत उभे राहिलो. त्याने चप्पलने माती उकरली आणि म्हणाला की त्यानंतर दोन गाणी केली होती, कुणी ऐकली नाहीत. मी म्हटलं, मी ऐकते.

"आता गळा न्हाय राहिला."

मी मान हलवली. पूर्वी क्रेटवर बसून हलवायची तशी.

बारामतीची गाडी आली, थांबली. कंडक्टरने दार उघडून विचारलं, बारामती? मी मान हलवून नाही म्हटलं. दार बंद झालं, धूळ उडाली, खाली बसली.

दत्ता रस्त्याकडे तोंड करून गायला लागला. आवाज जाड झाला होता, वरच्या सुरात फाटत होता. पहिलं गाणं त्याला सुरुवातीपलीकडे येईना, ते त्याने सोडून दिलं. दुसऱ्याचं पहिलं कडवं पुरं म्हटलं. पुढच्या कडव्याशी थांबला, डोळे मिटून उभा राहिला, परत पहिल्यापासून म्हणून पाहिलं, आणि पुन्हा तिथेच अडला. मी ते गाणं कधी ऐकलेलं नव्हतं, मला मदत करता येत नव्हती. पुढची गाडी यायला पाऊण तास होता. आम्ही दोघं ते दुसरं कडवं आठवत उभे राहिलो.